आणखी एक मोजा

९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन आलं. चौघांनी मिळून आत आणलं आणि सदतीस वर्षं जिथे माझं प्लास्टरचं टेबल होतं तिथेच ठेवलं. टेबल मागच्या पडवीत गेलं. लेक म्हणाली, "बाबा, तात्पुरतं आहे." तात्पुरती म्हणून मागे गेलेली वस्तू परत पुढे आलेली मी तरी पाहिलेली नाही.

डॉक्टर म्हणतात, विसर पडतोय तर रोजचं लिहीत जा, ठाऊक असलेलंही लिहा. लिहितो. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका असणारच.

आमचं दुकान कृत्रिम पायांचं. पाय कापल्यावर जो भाग उरतो तो ज्यात बसतो तिला आम्ही वाटी म्हणतो. वाटीखाली नळी, नळीखाली पाऊल. नळी आणि पाऊल विकत मिळतं, वाटी मिळत नाही. ती ज्याची त्यालाच होते. उरलेल्या पायावर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळायची, घट्ट होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसायचं, मग साचा ओतायचा, कानशीने घासायचा आणि त्यावरून वाटी काढायची. माणसाला तीन वेळा यावं लागतं. मशीनला हे काही लागत नाही. इस्त्रीएवढं यंत्र पायाभोवती फिरवलं की मिनिटभरात आकार पडद्यावर. मग टूथपेस्ट पिळावी तसं वितळलेलं प्लास्टिक थरावर थर चढत जातं आणि सात-आठ तासांत वाटी तयार.

मिस्त्री, म्हणजे साचे ओतणारा, वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दादा, हे खातं काय?"

लेक म्हणाली, "वीज."

"मग ह्याला जेवायची सुट्टी नको. माझं कठीण आहे."

मी हसलो. मग वाटलं, हसायला नको होतं.

१२ फेब्रुवारी

पहिली वाटी कुणाची करायची यावर खल चालला होता. गिऱ्हाईकावर प्रयोग नको, असं माझं म्हणणं. तेवढ्यात आतून ही म्हणाली, "माझी करा. बिघडली तर घरातल्या घरात."

हिचा डावा पाय अकरा वर्षांपूर्वी गुडघ्याखाली गेला. रस्ता ओलांडताना ट्रक. तेव्हापासूनच्या सहाही वाट्या माझ्या हातच्या. हिचा उरलेला पाय मला डोळे मिटून काढता येईल. आतल्या बाजूला हाड जरा टोकदार आहे, तिथे जागा सोडावी लागते. मशीनला ते काय कळणार?

लेक यंत्र फिरवत होती तर ही विचारते, "केस नीट करू का गं? फोटो आहे ना?"

१३ फेब्रुवारी

वाटी बसली. टोकदार हाडाची जागासुद्धा बरोबर सोडलेली. ही दारापर्यंत गेली, परत आली, म्हणाली, "हलकी आहे हो. पाय घातलाय की नाही तेच कळत नाही." लेकीने मला मिठी मारली. मीही मारली. पण मनातलं इथे तरी खरं लिहावं. मला वाटत होतं, बसू नये.

२७ फेब्रुवारी

ही म्हणते सैल लागते. दोन आठवड्यांत सैल! माझी वाटी दोन-दोन वर्षं जायची. वाटी सैल झाली की उरलेल्या पायावर एक मोजा वाढवायचा, हा आमच्या धंद्यातला साधा उपाय. घातला. मी लेकीला म्हटलं, "यंत्राला दम नाही." ती काही बोलली नाही. एरवी दहा उत्तरं देते.

४ मार्च

दुसरा मोजा.

टेपने पाय मोजला. जानेवारीतल्या मापापेक्षा सव्वा सेंटिमीटर कमी. टेप जुनी आहे, कापडी आहे, ताणली गेली असणार. ताणलेली टेप कमीच दाखवते. नवी आणली पाहिजे. आठवणीने लिहून ठेवतो.

१० मार्च, मंगळवार

मायलेकी कापड आणायला बाजारात गेल्या. साडेचार तास! इथे दोन गिऱ्हाइकं ताटकळली आणि मशीन मध्येच टिकटिक करायला लागलं, मला ते बंद कसं करायचं ठाऊक नाही. आल्या तेव्हा हातात एक पिशवीसुद्धा नव्हती. विचारलं तर ही म्हणे, "मनासारखं काही मिळालं नाही."

मी म्हटलं, "साडेचार तासांत?"

"तुम्हाला लग्नाआधी पसंत करायला मी दोन महिने घेतले होते. तरी फसले."

लेक तोंड फिरवून आत गेली. तिला आजकाल आईचे विनोद आवडत नाहीत.

१४ मार्च

नवी टेप आणली. तीही कमी दाखवते. आजकाल वस्तूच धड येत नाहीत.

हिने आजही अर्धं जेवण माझ्या ताटात सरकवलं. माझं पोट सुटायला लागलंय ते हिच्यामुळे.

१८ मार्च

ठरवलं, वाटी मी करणार. जुन्या पद्धतीने, पडवीतल्या टेबलावर. लेक म्हणाली, "बाबा, कशाला?" मिस्त्री मात्र धावत आला. बादलीत कोमट पाणी घेतलं, पट्टी भिजवली. त्या पाण्याचा वास आला आणि बरं वाटलं.

पट्टी गुंडाळून दोन्ही हातांनी धरली. पूर्वी माझे हात दगडासारखे राहायचे. आज थरथरत होते. हिच्या लक्षात आलं असणार.

"अहो, इतकं घट्ट धरलंय, मी काय पळून जाणार आहे?"

"हलू नकोस. साचा बिघडेल."

"बिघडू दे. परत धरा."

मिस्त्री हसत बाहेर गेला. मला राग आला, कामात चेष्टा चालत नाही. पट्टी घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं एकटक माझ्याकडे बघत होती. मी पट्टीकडे बघत होतो.

२१ मार्च

बसली!! एकही मोजा लागला नाही. ही फाटकापर्यंत जाऊन आली. थोडी धाप लागली, पण बऱ्याच दिवसांत चालली नव्हती ना. लेकीला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "हो बाबा. छान झाली." वाद घालायचा तर घालत नाही, हरल्यावर मजाही येऊ देत नाही.

१ एप्रिल

माझीही सैल. दहा दिवसांत एक मोजा, आज दुसरा.

म्हणजे दोष माझ्या हातांचा. थरथर साच्यात उतरली. दिवसभर कशात लक्ष नाही. सदतीस वर्षांनी माणसाचे हात गेले की त्याने काय करायचं? डॉक्टरांना विचारायला हवं, पण ते म्हणतील वय झालं.

६ एप्रिल

मिस्त्री गेला. कुणी काढलं नाही त्याला. लेक म्हणत होती, मशीन शिकवते, थांबा. तो म्हणाला, "ताई, माझी बोटं प्लास्टरची झालीत, ती त्या बटणांवर उमटतील." भावाच्या दुकानात फरशा बसवायला जाणार आहे. निघताना मला म्हणाला, "दादा, वहिनींकडे लक्ष द्या." मी म्हटलं, "देतोच आहे की, आता तिसरी वाटी करायची आहे." तो काहीतरी बोलणार होता, मग चप्पल घालून गेला.

पुढच्या खोलीतला बाक रिकामा असतो. पूर्वी माणसं सकाळी येऊन बसायची, एकमेकांचे पाय बघायची, अपघाताच्या गोष्टी सांगायची. कोण नवा आला की जुने त्याला धीर द्यायचे. आता परगावच्या दवाखान्यातून नुसते आकार येतात, लेक पडद्यावर दुरुस्त करते, मशीन वाटी काढते आणि खोक्यातून रवाना. गेल्या महिन्यात सत्तावीस पाय गेले, त्यातली चार माणसं मी डोळ्यांनी पाहिली. धंदा वाढला, हे मान्य. लेकीने दिवसरात्र मेहनत केली आहे. पण ज्याला मी पाहिलं नाही तो चालतोय की नाही हे मला कसं कळणार?

११ एप्रिल

लेकीने हिचा पाय पुन्हा यंत्राने घेतला. हे चौथ्यांदा. नवी वाटी काढली.

दुपारी मी दुकानात गेलो तर लेक पडद्यासमोर बसून रडत होती. मला बघून पडदा काळा केला. मी ओळखलं. मोठं इस्पितळ स्वतःचं मशीन घेणार अशी बातमी आहे, मग आमच्याकडे काम कशाला पाठवतील? तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "एक गेलं तर दुसरं येतं. मीही अशी वर्षं काढली आहेत." ती माझ्या पोटाला डोकं टेकून आणखीच रडली. लहानपणी रडायची तशी.

धीर देता आला याचं जरा बरं वाटलं.

१९ एप्रिल

चार मोजे. एवढे घातले की पाय वाटीत गुदमरतो. मशीनची वाटी, माझी वाटी, दोन्ही सारख्याच. हिला म्हटलं, "तू बसून बसून पाय आळशी केलास. चाललं पाहिजे." म्हणाली, "चालू या की. कुठे जायचं?"

२१ एप्रिल

मशीनच्या नव्या वाटीत, लेकीला न सांगता, आतून चामड्याचे दोन तुकडे चिकटवले. एक पोटरीकडून, एक पुढून. हिला घालून उभी केली. घट्ट! एक मोजा पुरला. फाटकापर्यंत दोनदा चालवलं. ही ओठ दाबून चालत होती. विचारलं, "लागतंय का कुठे?" म्हणाली, "नाही. छान आहे."

शेवटी जुनी युक्तीच कामाला आली. आज पोटभर जेवलो.

२९ एप्रिल

लिहवत नाही.

सकाळी हिला ताप. लेकीने वाटी काढली आणि मोजा उतरवला. मोज्याला रक्त आणि पू. टोकदार हाडावर रुपयाएवढी जखम. माझ्या चामड्याने तिथली सोडलेली जागा भरून टाकली होती. ज्या हाडाबद्दल मी मशीनला नावं ठेवत होतो, त्याच हाडावर.

लेक ओरडली, "बाबा, कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मग हिच्याकडे वळली. "आणि तू आठ दिवस गप्प बसलीस?"

ही म्हणाली, "त्यांना किती आनंद झाला होता गं."

इस्पितळात नेलं.

३० एप्रिल

डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या नाहीत, पण लेकीला नावाने हाक मारत होत्या. हिलाही. मला नवल वाटलं. "या वेळी मंगळवारची वाट नाही बघितली?" असं त्या हिला म्हणाल्या.

दुपारी लेक मला दुकानात घेऊन गेली. मशीनसमोर बसवलं. म्हणाली, "बाबा, मला बोलता येत नाही. तुम्हीच बघा. तुम्हाला कळेल."

पडद्यावर हिचा पाय होता. फेब्रुवारीतला, निळा. त्याच्या आत मार्चमधला, हिरवा. त्याच्या आत एप्रिलमधले दोन, पिवळा आणि लाल. एकात एक. कांदा उभा चिरल्यावर दिसतो तसा.

मला सांगावं लागलं नाही. नवा कापलेला पाय पहिल्या वर्षी आक्रसतो, मग ठरतो. अकरा वर्षांचा पाय असा सगळीकडून, सारखा आत जात नाही. तो तेव्हाच जातो जेव्हा सगळं माणूस आत जात असतं. असे पाय मी पाहिलेत. दुसऱ्या कुणाचा हा साचा मिस्त्रीने माझ्यासमोर ठेवला असता तर मी एका नजरेत म्हटलं असतं, अरे, ह्या बाईला काय झालंय ते बघा आधी.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"पोटात. फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. तेव्हाच पसरलेलं होतं."

मी दोन महिने टेपला दोष दिला. मग टेप विकणाऱ्याला. मग मशीनला. मग माझ्या हातांना. माझे हात चांगले आहेत. हात चुकले नव्हते.

३ मे

हिला घरी आणलं. पलंग पुढच्या खोलीत लावला, रिकाम्या बाकाजवळ. तिला रस्ता दिसतो.

आज विचारलं. वाटलं होतं भांडेन, पण पलंगाच्या कडेला बसलो. "माझ्यापासून का लपवलंस?"

"काय लपवलं?" ती म्हणाली. "दर आठवड्याला सांगत होते, सैल होतेय, सैल होतेय."

मी तिच्या पांघरुणाचं टोक नीट केलं.

"तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याआधी झोपला असता. साधा पाहुणा उशिरा आला तरी तुम्ही अपघात ठरवून मोकळे होता. हातात काम होतं, तेवढे दिवस बरे गेले ना तुमचे?"

"आणि चामडं?"

"ते मात्र लागत होतं हो," ती म्हणाली आणि हसली. हसताना खोकला आला. पाणी पाजलं.

मी टेप काढली. सवयीने. जखम किती सुजली ते बघावं म्हणून. तिने माझं मनगट धरलं. "आता माप नको. नुसते बसा."

९ मे

नुसतं बसणं मला जमत नाही. पलंगाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली पाचर लावली. खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. उशी तीनदा बदलली. शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्ही डास झालात. एका जागी बसा नाहीतर मी टाळी वाजवेन."

मग बसलो. पाच मिनिटं तिच्याकडे बघितलं. गालाची हाडं वर आली आहेत. मानेशी खळगा. हे सगळं रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतं.

१७ मे

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, जखमेमुळे दिवस कमी झाले का. त्या म्हणाल्या, नाही, जखम भरत आली आहे, दुखणं वेगळं आहे. मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच म्हणाल्या. भल्या बाई आहेत. भली माणसं असंच सांगतात. म्हणून माझं समाधान होत नाही.

२ जून

सकाळी साडेदहाला गेली. लेक उजवीकडे, मी डावीकडे. मशीन चालू होतं, कुणाचीतरी वाटी निम्मी झाली होती. लेक उठून बंद करायला निघाली तर मी म्हटलं, राहू दे, कुणीतरी तिची वाट बघत असेल.

१९ जून

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माणूस गेलं की घरचे पाय परत आणून देतात. आम्ही पाऊल आणि नळी सोडवून ठेवतो, दुसऱ्या कुणाच्या कामी येते. वाटी मात्र फोडायची. नाहीतर कुणी गरजू ती उचलून घालतो आणि पायाला जखमा करून घेतो. इतक्या वर्षांत शेकडो फोडल्या. हातोडीचे दोन घाव.

हिच्या सगळ्या वाट्या आज पडवीत मांडल्या. माझ्या सात, मशीनच्या दोन. माझ्या फोडल्या. मशीनची फुटेना. हातोडी उडून परत येते. चामडं चिकटवलेली ती एक मी कितीतरी वेळ बडवत बसलो. लेक आली, माझ्या हातातून हातोडी घेतली, म्हणाली, "बाबा, ह्या फुटत नाहीत. वितळवाव्या लागतात. मी पाठवते." मग तिथेच माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, आईच्या पायाचे आकार मशीनमध्ये आहेत, पुसू का? मी म्हटलं, मला काय विचारतेस. मग म्हटलं, नको पुसू.

८ जुलै

मोठ्या इस्पितळाने मशीन घेतलं. लेक हरलेली नाही. तिने त्यांना सांगितलं, वाट्या तुम्ही काढा, पण माणूस एकदा आमच्याकडे पाठवा, नुसता आकार नको. त्यांनी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत, ते बघतात." मला म्हणाली, "बाबा, मी तुमचं नाव पुढे केलंय, आता नाही म्हणू नका." मी काय बघणार, असं म्हटलं. नीट झोप नाही, भूक नाही, आणि लेकीने जबाबदारी टाकली.

२२ जुलै

एक जोडपं आलं. बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, नऊ वर्षं झाली म्हणे. नवरा शिंपी, बोटावर सुईच्या खुणा. आल्या आल्या माझ्यावर घसरला.

"आजोबा, तुमच्या त्या मशीनला काही अर्थ नाही. तीन महिन्यांत दोनदा वाटी बदलली, दोन्ही सैल. मी माझ्या हाताने आतून कापड शिवून दिलंय, तेव्हा कुठे उभी राहते."

बाई खाली मान घालून हसत होती.

लेक यंत्र घेऊन पुढे झाली. मी तिला हाताने थांबवलं. बाईसमोर स्टूल ओढून बसलो. पायाकडे बघितलं नाही. विचारलं, "भूक लागते का?"

"लागते की," नवरा म्हणाला. "घरात सगळं आहे."

"मी यांना विचारतोय."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, "नाही लागत."

नवरा म्हणाला, "अगं, कालच तर..." आणि थांबला. त्याच्या हातातली मोज्यांची पिशवी खाली पडली, त्याला कळलं नाही.

मी उठलो. आतून एक खुर्ची आणली आणि त्याला बसवलं. लेकीला म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फोन लाव. मग त्या दोघांच्या मध्ये स्टुलावर बसून राहिलो.